पोळा ते होळी: कोठ्यातल्या २४० डी ची नोंद

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावात पोरं लाकडी बैल मिरवत होती आणि आम्ही चौघं कोठ्यातून, म्हणजे गुरांच्या गोठ्यातून, मर्सिडीज ढकलत बाहेर काढत होतो. गाडी २४० डी, १९८२ ची, डब्ल्यू १२३ मालिकेतली. उजव्या हाताचं स्टिअरिंग, चार गिअर, रंग एकेकाळी साईसारखा असावा. बारा वर्षं एका जागी उभी होती. नागपूरहून ट्रकवर घालून आणली, आर्वीजवळच्या आमच्या वावरातल्या कोठ्यात लावली, आणि कापसाच्या दोन हंगामांत तिच्याकडे बघायलाही सवड झाली नाही. यंदा ठरवलं, पोळ्याला सुरुवात करायची आणि होळीच्या आत इंजिन स्वतःच्या दमावर चालवायचं.

आधी तिच्या इंजिनाबद्दल सांगतो, कारण ही गाडी घेण्याचं धाडस मी त्याच्याच जोरावर केलं. इंजिन आहे ओएम ६१६. चार सिलिंडर, २३९९ सीसी, बोअर ९०.९ मिमी, स्ट्रोक ९२.४, ताकद ७२ अश्वशक्ती. हेच इंजिन बजाज टेम्पोनं डाइमलर-बेन्झच्या परवान्यानं आपल्याकडे बनवलं आणि ट्रॅव्हलरमध्ये, ट्रॅक्समध्ये बसवलं. म्हणजे आर्वी, पुलगाव, तळेगावच्या स्टँडवर वीस-वीस माणसं घेऊन धावलेल्या काळ्या-पिवळ्यांत जे घरघरत होतं, ते याचंच भावंड. स्टँडवरच्या ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर ट्रॅक्स उघडल्या त्यांना मी घरी बोलावलं. बॉनेट उचललं, व्हॉल्व्ह कव्हरचे नट काढले. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमी मले जर्मन गाडी म्हणून बलावलं, हे तं आपल्या ट्रॅक्सचंच इंजन हाय न!" त्या क्षणापासून ते पाहुणे राहिले नाहीत. कोठ्यातली खाट त्यांनी स्वतःच बाजूला सरकवली.

पहिला महिना डिझेलच्या लायनीतच गेला. टाकीत तळाला डांबरासारखा थर होता. टाकी उतरवून डिझेलनं तीनदा हलवून धुतली, रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या. हातपंप गळत होता, नवा लावला. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात घाई करू नका. गाळ एकदा बॉशच्या इंजेक्शन पंपात गेला की खर्चाला धरबंध राहत नाही.

नोझलांचं, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचं, मात्र सविस्तर सांगतो. चारही नोझल काढून जवळच्या शहरात पंप-नोझलच्या दुकानी दिले. परत आणून बसवले तर स्टार्टरला इंजिन नुसतं खोकत राहिलं. परत गेलो, टेस्टरवर लावून पाहिले, तर २०० बारला उघडत होते. त्या दुकानात सकाळ-संध्याकाळ ट्रॅक्टरचंच काम. ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर उडतं, तिथं असाच मोठा दाब लागतो. आपलं इंजिन प्री-चेंबरचं: डिझेल आधी हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) छोट्या खोलीत पेटतं आणि जाळ तिथून सिलिंडरमध्ये येतो. त्याला ११५ ते १२५ बार पुरतात. दुकानदाराला मी मर्सिडीजचा आकडा सांगत होतो तोवर त्याच्या चेहऱ्यावर शंका होती. मिस्त्री म्हणाले, "ट्रॅक्सचं सेटिंग करून द्या," आणि अर्ध्या तासात आतल्या शिमा (दाब कमी-जास्त करायच्या पातळ चकत्या) बदलून चारही नोझल ११८ ते १२० मध्ये आले. तुमच्याकडे असं इंजिन असेल तर दुकानात हेच वाक्य बोला. नोझलखालच्या पातळ चकत्या दर वेळी नव्याच घाला. एकदा दाबल्या गेल्या की त्या दुसऱ्यांदा सील होत नाहीत. मी हट्टानं दोन जुन्या वापरल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन नोझलांच्या बुडाशी काळा ओघळ होता.

दिवाळीच्या आधी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजलं. पहिल्या सिलिंडरला २१ बार, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला २१. नव्या इंजिनाला २२ ते २४ असतं, आणि सिलिंडरा-सिलिंडरातला फरक ३ बारच्या वर जाऊ नये. तिसऱ्याचे १६ बघून माझ्या पोटात गोळा आला. रिंगा, बोअर, हेड असं सगळं डोळ्यांपुढे आलं. मिस्त्रींनी एकच गोष्ट सांगितली: टॅपेट पाहिल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट. तिचं माप थंड इंजिनावर इन्टेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३० मिमी. इन्टेक कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हे पाठ करायची गरज नाही, मॅनिफोल्डची नळी ज्याच्या समोर येते ते पाहा. कॅमचं (रॉकर दाबणाऱ्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचं) टोक रॉकरच्या विरुद्ध दिशेला गेलं की फिलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पान, घालायचं. यासाठी चौदा नंबरचे दोन वाकडे पाने लागतात, एकानं नट धरायचा, दुसऱ्यानं फिरवायचं. तयार पाने फार महाग पडतात. मिस्त्रींकडे ट्रॅक्ससाठी गॅसवर तापवून वाकवलेले पाने आधीच होते, मुठीचा भाग झिजून गुळगुळीत झालेला. ते त्यांनी माझ्या हातात दिले तेव्हा मला खरंच भरून आलं. इंजिन फिरवायचं ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या, नटावरून. कॅमच्या बोल्टवरून कधीही नाही, तो सैल होतो.

तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फटच उरली नव्हती. सगळ्यात पातळ पानही जात नव्हतं. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता, म्हणून दाब निसटत होता. आठही सेट केले, पुन्हा मोजलं: २२, २१, २०, २२. हेड जागच्या जागी राहिलं.

मग चेन. या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी, दुहेरी आहे, भक्कम आहे, पण लाखो किलोमीटरनंतर ताणते. ताण मोजायला काही उघडावं लागत नाही. कॅमवरची खूण त्याच्या टॉवरवरच्या (आधाराच्या खांबावरच्या) खुणेला मिळवायची आणि खाली क्रँकच्या पुलीवर किती अंश आलेत ते वाचायचं. नवी चेन असेल तर शून्याच्या आसपास. माझं वाचन ७ अंश पुढे. याचा अर्थ व्हॉल्व्ह उशिरा उघडतात एवढाच नाही. इंजेक्शन पंपही त्याच चेनवर फिरतो, त्यामुळे डिझेलही उशिरा पडतं. थंडीत सकाळी पांढरा धूर, ओढ कमी, जड स्टार्ट, हे सगळं तिथून येतं.

चेन बदलायला समोरचं कव्हर खोलत बसायचं नाही. आम्ही केलं ते असं. नोझल काढून ठेवले, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. रॉकर उतरवले, टेन्शनर काढला. कॅमच्या चाकाभोवती जुनं धोतर कोंबलं, कारण पिनचा एक तुकडा खाली पडला तर ऑइल पॅन उतरवावं लागेल. ग्राइंडरनं जुन्या चेनच्या एका कडीच्या पिना घासल्या, नव्या चेनचं टोक जुन्याला जोडलं. मिस्त्री खाली क्रँक फिरवत, मी वर दोन्ही टोकं ताणून धरलेली, आणि माझा पुतण्या निघणारी जुनी चेन ओढून घेत. कॅमच्या चाकावरून एक दातही सुटता कामा नये. या कामात बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. वीस मिनिटं कोठ्यात फक्त कड्यांचा आवाज. शेवटची कडी रिव्हेट करताना मिस्त्रींनी मागून लोखंडी ठोकळा धरला आणि पिनांची डोकी एकसारखी फुलवली. नंतर हातानं दोन पूर्ण फेरे देऊन वाचन घेतलं: २ अंश. मग पंपाचं टायमिंग थेंबाच्या पद्धतीनं लावलं. पहिल्या लायनीवर वाकडी नळी, हातपंपानं डिझेल, रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी पंपातली दांडी) पूर्ण उघडा, आणि पिस्टन वर येण्याआधी २४ अंशांवर सेकंदाला एक थेंब. त्या थेंबाकडे आम्ही तिघं जण टक लावून होतो.

कार्तिकातल्या एका सकाळी सात वाजता हीटर प्लगचा दिवा विझला, किल्ली फिरवली, आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. धूर थोडा, मग तोही साफ. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून बांधावर आल्या. पाच मिनिटांनी किल्ली बंद केली. इंजिन चालूच.

ज्यांनी ही गाडी हाताळली नाही त्यांना हे भुताटकीसारखं वाटेल. डिझेलला स्पार्क नाही, म्हणून ते बंद करायला पंपाचा पुरवठा तोडावा लागतो. या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतो. इंजिनावर एक व्हॅक्यूम पंप आहे आणि ब्रेकचा बूस्टर, सेंट्रल लॉक आणि इंजिन बंद करणं ही सगळी मदार त्याच्यावर. दरवाजातलं एक रबर फाटलं तरी इंजिन बंद होत नाही. त्या दिवशी इंजिनावरचा लाल 'स्टॉप' खटका हातानं दाबला. असं इंजिन घेतलंत तर पहिलं काम म्हणून तो खटका कुठं आहे ते पाहून ठेवा.

गळती शोधायचा पंप माझ्याकडे नव्हता. गावच्या गुरांच्या डॉक्टरांकडून मोठी सिरिंज मागून आणली, तिला सलाइनची नळी जोडली. एकेका फांदीला नळी लावायची, दट्ट्या ओढून धरायचा, सोडायचा. दट्ट्या ओढलेल्या जागी राहिला तर फांदी घट्ट, झरझर परत आला तर फाटकी. मागच्या डाव्या दरवाजात सापडलं. पिवळ्या नळीला तात्पुरतं बूच मारलं, आणि किल्लीनं इंजिन गुपचूप बंद झालं. नवं रबर आलंय, बसवायचं आहे.

वायरिंगला उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलं होतं, पण खरा घोळ माणसानं केलेला. जर्मन गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. आधीच्या कुणीतरी काळी वायर अर्थ समजून जोडली होती आणि तपकिरीला चालू लाइन दिली होती. आकडे लक्षात ठेवले तर नकाशा उलगडतो: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे किल्लीनंतरची लाइन, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टर. फ्यूज सगळे काढून टोकं घासली. पांढरे ८ अँपियरचे, लाल १६ चे. निम्मे दिवे एवढ्यानंच लागले.

पत्र्याचं थोडक्यात. आपल्याकडची कोरडी हवा या गाडीला मानवते, छत आणि दरवाजे निरोगी आहेत. गंज लागला तो पाण्याच्या वाटांवर. समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून ड्रायव्हरच्या पायाखाली साचलेलं आणि तिथं तळहाताएवढं भोक. बॉनेटमागच्या निचऱ्याच्या वाटा कडुनिंबाच्या पाल्यानं बुजलेल्या. जॅकच्या चारपैकी दोन नळ्या पोकळ. ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरनं एक मिमीचा पत्रा कापून जोडला. त्याला विनंती केली की एका ओळीत वेल्डिंग ओढू नका, इथं टिचका मारा, मग वीतभर लांब, मग पुन्हा इकडं, नाहीतर पातळ पत्रा लाटेसारखा उठतो. त्यानं मनावर घेऊन केलं. वरून झिंक प्रायमर, शिवणीत सीलर. बाहेरचा रंग इतक्यात काढणार नाही.

एक सावधगिरी. ट्रॅक्सचा माल म्हणून डोळे मिटून काही बसवू नका. इंजिन एका घराण्याचं असलं तरी फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर), ऑइल पॅन, पुढच्या पुल्या गाडीगणिक वेगळ्या असतात. मी जुना-नवा शेजारी ठेवून व्हर्नियरनं मापतो, मगच पैसे देतो. आणि काळ्या मातीत सर्व्हिस पिट खणू नका. मी खणला, विटांनी बांधला, पण माती पावसात फुगली आणि उन्हात आक्रसली, एक भिंत पोटात आली. आता भरून टाकलाय. लाकडी ओंडक्यांचे दोन रॅम्प केलेत, ते बरे.

होळीच्या आदल्या दिवशी गाडी पहिल्यांदा वावराबाहेर नेली. मिस्त्री शेजारी, डोळे काट्यावर. थर्मोस्टॅट ८० अंशांचा नवा आहे; काटा ८० च्या थोडा वर स्थिरावला आणि परत येईपर्यंत तिथंच राहिला. ऊन अजून ३६-३७ चं आहे. खरी परीक्षा वैशाखात, पारा ४५ वर गेला की. रेडिएटर त्याआधी उतरवून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घेतोय.

तिसऱ्या गिअरला जोर देताच खालून ठक-ठक येते. मिस्त्रींच्या मते प्रोपेलर शाफ्टची रबरी चकती. मागचं चाक उचलून शाफ्ट हातानं हलवून पाहिला, चकतीला बोल्टांच्या भोकांपाशी तडे आहेत. दोन्ही चकत्या एकदम बदलणार. दरवाजाचं रबर, काचेचं रबर आणि या चकत्या, एवढं उन्हाळवाहीच्या आधी उरकायचं आहे; त्यानंतर ट्रॅक्टर आणि मी दोघंही वावरात.