तुम्ही विचारलंत म्हणून: ओंडक्यावरचं ते लिबलिबीत काय आहे?

पावसाळा लागला की फोटो येऊ लागतात. ताम्हिणी, आंबोली, माथेरान, कुठला तरी कुजका ओंडका, त्यावर केशरी नाहीतर पांढरा लिबलिबीत पुंजका आणि खाली एकच ओळ: 'ही कोणती बुरशी?' फोटो एकच, तोही वरून काढलेला. त्यावरून 'जेली बुरशी असावी' यापुढे काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

आधी ती बुरशीच आहे ना, ते बघा. पडलेल्या शेवग्याच्या खोडावरचा डिंक पावसात फुगला की भलेभले फसतात. चिमटीत धरून बघा. डिंक बोटांना चिकटतो. जेली बुरशी बुळबुळीत लागते, पण चिकटत नाही. पिवळा ओलसर थर दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसलेला दिसला, तर तो स्लाइम मोल्ड. तो बुरशीत मोडतच नाही.

रंगावर फार भिस्त ठेवू नका. दोन दिवस उघडीप मिळाली की हीच बुरशी आक्रसून गडद, कडक पापुद्रा होते आणि सर आली की पुन्हा फुगते. म्हणून माप आणि फोटो ती ओली असतानाच घ्यावेत: वरून, खालून आणि लाकडाला जिथे चिकटलीय तिथून.

आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारली जाते ती डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारिया. साधारण 1 ते 2 सेंमी उंच, केशरी-पिवळी, छोट्या उलथन्यासारखी. साल गेलेल्या लाकडाच्या भेगेतून ओळीने वर येते. कुंपणाच्या खांबावर आणि वाशांवरही दिसते.

पांढरी, अर्धपारदर्शक, झालरीसारखी असेल तर ट्रेमेला फ्युसिफॉर्मिसचा विचार करा. ती लाकडावर दिसते खरी, पण जगते दुसऱ्या बुरशीच्या जिवावर. आजूबाजूला कोळशासारखे काळे, कडक फोड आहेत का ते शोधा. नुसता पुंजका खुडून आणला की हा पुरावा जंगलातच राहतो. चाकूने खालच्या लाकडाची ढलपीही काढा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल होतो.

तपकिरी, कानाच्या पाळीसारखी ती ऑरिक्युलॅरिया. तिची एक बाजू लवदार, दुसरी गुळगुळीत किंवा जाळीदार. तिला सरसकट 'ऑरिक्युला-ज्युडे' म्हणायची सवय मात्र सोडायला हवी. डीएनए तपासणीनंतर ते नाव युरोपातल्या प्रजातीपुरतं उरलंय. आपल्याकडच्या प्रजाती वेगळ्या काढताना लवेची लांबी आणि आडव्या छेदातले थर मोजावे लागतात.

खरा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली. पूर्ण फुगलेला तुकडा ब्लेडखाली सटकतो, म्हणून तो जरा सुकू द्या. मग आरपार दिसेल इतका पातळ काप घ्या, 3 ते 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवा, काँगो रेडने रंगवा, कव्हरस्लिप हलकेच दाबा आणि 400 पटीत बघा. बीजाणू धरणाऱ्या पेशीचा आकार बोलतो. डॅक्रिओपिनॅक्समध्ये ती बेचकीसारखी दुभंगलेली असते. ट्रेमेलात गोलसर, उभ्या भिंतींनी विभागलेली. वरून बघितलं तर अधिकच्या चिन्हासारखी. ऑरिक्युलॅरियात लांबट नळी, 3 आडव्या भिंती, 4 कप्पे. यातलं काहीच दिसलं नाही, तर बहुधा काप जाड आहे किंवा नमुना कोवळा आहे. बेचकीऐवजी 8 बीजाणू भरलेल्या पिशव्या दिसल्या, तर आपण चुकीच्या घरात शिरलोय: जेलीसारख्या दिसणाऱ्या काही कपबुरश्याही असतात.

आणि हो, 'खाता येते का?' वाळवलेली ऑरिक्युलॅरिया चिनी जिन्नसांच्या दुकानात पाकिटात मिळते. खायचीच असेल तर ती आणा. फोटो बघून मी कुणाला 'खा' म्हणणार नाही.