लॉरा आरएस: बुश घट्ट, केबिन शांत

स्कोडा लॉरा आरएस म्हणजे औरंगाबादच्या शेंद्र्यात जुळवलेली, २०११ साली आलेली गाडी. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिन, १६० पीएस ताकद. एवढ्या वयाला तिचे बुश, म्हणजे चाकाचे दांडे गाडीला जोडणारे रबरी सांधे, गेलेलेच असतात. माझ्या गाडीचे बदलायचे ठरले तेव्हा अटी दोन ठेवल्या. ताम्हिणी घाटात स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळलं पाहिजे, आणि एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर मागच्या सीटशी ओरडून बोलावं लागू नये. पहिलीच अट लक्षात ठेवली की माणूस सगळीकडे पॉलीयुरेथेन (पॉली), म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे बुश, बसवून मोकळा होतो. दुसरी मग पावसाळ्यात आठवते.

पार्ट मागवण्याआधी एक अख्खी संध्याकाळ आवाज ओळखण्यात घालवली, आणि ती वसूल झाली. रिकाम्या जागी गाडी रिव्हर्समध्ये चालीच्या वेगाने नेऊन ब्रेक, मग पहिल्या गिअरमध्ये पुढे नेऊन ब्रेक. दर वेळी एकच जाड 'ठक्' आला तर लोअर आर्मचा, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खडखड येते, पण दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली की येत नाही, असं असेल तर अँटिरोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळईचे) बुश किंवा तिचा लिंक रॉड, कारण दोन्ही चाकं सारखी हलली की बार पिळलाच जात नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग 'टंग' करून सुटली तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग. नुसतं खाली वाकून बघून बुश कळत नाही. गाडी लटकलेली असताना तडा मिटलेला दिसतो. आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेले असतात त्या चौकटीच्या) मध्ये पहार घालून ताण दिला की तो उघडतो. वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नका. रबराचा दांडा आरपार फाटला असेल तरच बुश मेला.

आता मुख्य मुद्दा: कोणता बुश कोणत्या दिशेला काम करतो. लॉराचा लोअर आर्म इंग्रजी एलच्या आकाराचा आहे. पुढचा लहान बुश जवळजवळ बॉल जॉइंटच्या (आर्मच्या चाकाकडच्या सांध्याच्या) रेषेत असल्यामुळे वळणावरचा आडवा जोर तोच झेलतो. मागचा मोठा बुश अ‍ॅल्युमिनियमच्या कन्सोलमध्ये (बुश धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये) बसतो आणि चाकाला किंचित पुढे-मागे होऊ देतो. खड्ड्याच्या कडेला टायर आपटला की जो धक्का केबिनमध्ये येत नाही, तो इथे जिरतो. कंपनीने या बुशात मुद्दाम पोकळ्या ठेवल्यात. आरामाच्या दृष्टीने उत्तम, पण जोरात ब्रेक मारला की चाक मागे सरकतं, टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय तो कोन) बदलतो आणि स्टिअरिंग सैल वाटतं. म्हणजे गाडीचा ढिलेपणा या एका जोडीत साठलेला असतो, आणि शांतताही तिथेच.

यावरचा तोडगा फोक्सवॅगन गटाच्याच कपाटात आहे. त्याच प्लॅटफॉर्मवरच्या दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीला तसाच कन्सोल आहे, पण आतलं रबर भरीव, पोकळ्यांशिवाय. रबरच असल्याने तो चिवचिवत नाही, ग्रीस मागत नाही, बारीक कंपनं गिळतो. फक्त पुढे-मागे सरकणं कमी करतो. माझ्या मते रस्त्यावरच्या लॉराला एवढाच एक बदल पुरतो. बाकी सगळं नवं, पण मूळ जातीचंच.

पॉली का नाही? रबराचा बुश आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेला असतो. आर्म हलला की रबर पिळलं जातं, काहीही घासत नाही. पॉलीचा बुश चिकटवलेला नसतो, आतली स्टीलची स्लीव्ह त्यात फिरते. म्हणजे तिथे सरकणारा पृष्ठभाग आला, त्याला ग्रीस आलं, आणि ग्रीस संपलं की अडकत-सुटत फिरण्याची ती कुईकुई. पावसाचं पाणी आणि कोकणातली लाल माती मिळून ते ग्रीस आणखी लवकर संपवतात. शिवाय त्या बुशाला एकाच अक्षात फिरणं ठाऊक. मागच्या चाकांच्या मल्टिलिंक (अनेक दांड्यांच्या) सस्पेन्शनमधला ट्रेलिंग आर्म एकाच वेळी दोन-तीन दिशांना पिळला जातो. तिथे कडक पॉली घातलं की आर्म अडखळतो, आणि घाटात मागची बाजू कधी हलकेच, कधी झटक्याने बाहेर जाते. त्या जागी नवं मूळ रबर, दुसरं काही नको.

शोअर, म्हणजे कडकपणाच्या मापाच्या, आकड्याने फसू नका. रस्त्यासाठीचे पॉली बहुधा शोअर ए ८० च्या आसपास, ट्रॅकचे ९५. पण हा आकडा मालाचा कडकपणा सांगतो, बुशाचा नाही. त्याच मालाचा जाड भिंतीचा बुश मऊ लागतो, पातळ भिंतीचा दगड होतो. पोकळी आणि तिची दिशा तर आकड्यात येतच नाही.

ज्याला पॉली घ्यायचंच आहे त्याने अँटिरोल बारपुरतं घ्यावं. त्यातही बार व्हर्नियरने मोजूनच. या प्लॅटफॉर्मवर बारच्या जाड्या वेगवेगळ्या आहेत, आणि अर्धा मिलिमीटर सैल बुशसुद्धा खडखडतो. आर्मच्या पॉलीत स्लीव्हची लांबी तपासावी: ती पॉलीच्या तोंडापेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे बोल्ट स्लीव्हला आवळतो. स्लीव्ह तोकडी असली तर बोल्ट पॉलीलाच चिरडतो. मग कितीही सिलिकॉन ग्रीस भरा, आवाज जात नाही. आणि इंजिनखालच्या डॉगबोन माउंटमध्ये (इंजिनचं डुलणं रोखणाऱ्या आधारात) पॉलीचे तुकडे घालायचा मोह टाळा. गिअर बदलताना इंजिन कमी डुलतं हे खरं, पण सिग्नलला डॅशबोर्ड थरथरतो आणि दोष नव्या बुशांवर जातो. मी तिथे मूळ रबराचा नवा माउंट लावला.

बसवताना काय बिघडतं ते सविस्तर सांगतो, कारण चांगला बुश इथेच मरतो. आर्मचं मागचं टोक षट्कोनी आहे आणि ते बुशाच्या षट्कोनी छिद्रात दाबून बसवलेलं असतं. म्हणजे कन्सोल आणि आर्म यांच्यातला कोन दाबतानाच ठरतो, नंतर बोल्ट ढिला करून सुधारता येत नाही. जुनं काढण्याआधी रंगाच्या पेनाने दोन्हींवर एक सरळ रेघ ओढा आणि मोबाइलवर फोटो काढा. शक्य असेल तर बुश आधीच दाबलेला पूर्ण कन्सोल घ्या. नुसता बुश घेतला तर प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या नळीवर, बरोबर मापाच्या कपाने. आतल्या नळीवर दाब दिला की रबर नळीपासून सुटतं. ते दिसत नाही, दोन महिन्यांनी ऐकू येतं. एका गॅरेजात हातोडा आणि जुना सॉकेट घेऊन सुरुवात झाली, तेव्हा आर्म उचलून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे नेले. वंगण म्हणून साबणाचं पाणी. तेल किंवा साधं ग्रीस रबराला लावायचं नाही.

दुसरी चूक याहून जास्त होते. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि आर्मचा पुढचा बोल्ट तिथेच करकचून आवळला. रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पक्कं होतं, गाडी खाली आली की आयुष्यभर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून गाडी उचलण्याआधीच सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजून ठेवलं. माझ्या गाडीत पुढे ३७२ मिमी. सगळं नुसतं हाताने लावलं, मग हबखाली जॅक लावून ३७२ येईपर्यंत चाक वर घेतलं आणि तेव्हा टॉर्क रेंच लावला: ७० न्यूटन-मीटर, त्यानंतर अर्धा फेरा. हा बोल्ट ताणला जाणारा आहे, एकदाच वापरायचा, म्हणून नवा आधीच मागवून ठेवावा. लोअरिंग स्प्रिंग घालायच्या असतील तर आधी त्या, बुश नंतर.

सबफ्रेम सोडली असेल तर तिच्या बोल्टभोवती आधी खुणा करा, आणि शेवटी अलाइनमेंट न चुकता.

तुलनेसाठी फोन त्याच होल्डरमध्ये ठेवून एक्स्प्रेसवेच्या त्याच तुकड्यावर, काचा बंद, एसी बंद, ६०, ८० आणि १०० ला आवाज टिपला होता, आधीचा आणि नंतरचा. टायरमधली हवाही दोन्ही वेळा सारखी, थंड टायरवर भरलेली. नाहीतर ऐकू येणारा फरक बुशाचा की टायरचा ते कळत नाही. काँक्रीटची घरघर जशीच्या तशी राहिली. जोडांवरची ठकठक किंचित कोरडी झाली. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात धप्प मात्र आधीपेक्षा स्पष्ट येतो, आणि तो भरीव रबराचा हिशोब आहे. ब्रेकखाली स्टिअरिंगचं लटपटणं गेलं. मागच्या सीटवरून अजून तक्रार आलेली नाही.