आमची वाटचाल : टोपली ते दिवाळीची पेटी

सासूबाई तांबड्या जोगेश्वरीच्या देवळाबाहेर टोपली घेऊन बसायच्या. हार, वेण्या, दूर्वांच्या जुड्या आणि बेल, एवढाच माल. लग्नानंतर मी शेजारी बसू लागले ती हार करायला, पण हिशेब लवकरच माझ्या गळ्यात पडला. पुढे कोथरूडला गाळा भाड्याने घेतला आणि सजावटीची कामंही मिळू लागली.

आमचं वर्ष चालतं ते पंचांगावर. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरलाच आला, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो 20 ऑक्टोबरवर गेला. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी झेंडूचा तोडा सुरू होतो. त्यामुळे आमचे पुरंदरचे शेतकरी ऐन पावसाळ्यातच विचारतात, "ताई, खंडेनवमी कधीची?" फुलं दोन आठवडे आधी उमलली तर ती पितृपक्षात सापडतात, आणि त्या पंधरवड्यात झेंडूला कुणी विचारत नाही.

पहाटे मार्केट यार्डात मी भावाच्या आधी माल बघते. पावसात भिजलेला झेंडू वजनाला जास्त भरतो, पण देठाशी दाबलं की बोटाला पाणी लागतं. असा माल दाभणात ओवला की दुसऱ्या दिवशी तोरण काळं पडलंच म्हणून समजा. सुका माल महाग पडतो, तरी तोरणाला तोच घ्यायचा.

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरासाठी लोक खऱ्या फुलांकडे वळले. आमची गुलछडी, शेवंती, अॅस्टर, सगळ्यांची मागणी वाढली. प्लास्टिकच्या फुलांची स्पर्धा मात्र आहेच. ती आम्ही ठेवत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

2020 चा गुढीपाडवा नेमका 25 मार्चला, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. साखरगाठीबरोबर लागणारा हार घ्यायला कोण येणार? देवळंही बंद. त्या वर्षी नेहमीची गिऱ्हाइकं फोन करून "घरपोच द्याल का?" विचारू लागली, आणि दिवाळीपर्यंत आमची पेटी ठरली. दाराच्या मापाचं तोरण, चौरंगाला शेवंतीचा हार, रांगोळीसाठी मोकळ्या पाकळ्या, पणत्या, उटणं, साळीच्या लाह्या-बत्तासे आणि लक्ष्मीपूजनाला एक छोटी केरसुणी. फुलं केळीच्या पानात गुंडाळतो. लोक आधी स्वतःसाठी घ्यायचे, आता बहिणीला, विहिणीला, ऑफिसातल्या मंडळींना भेट म्हणून पाठवतात. केरसुणी बघून एका सूनबाईंनी फोन केला होता, "हे चुकून आलंय का?"

संक्रांतीला वाण म्हणून तुळशीची आणि शेवंतीची रोपं देतो. स्टीलच्या वाट्यांना कंटाळलेल्या बायकांनी ती उचलून धरली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना वेण्या आणि पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. त्या आदल्या दुपारीच बांधून ठेवतो, नाहीतर सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

पुण्याबाहेर मात्र पेटी पाठवत नाही. नाशिकला लेकीकडे पाठवा असा आग्रह होतो, पण बंद खोक्यात रात्र काढलेला झेंडू कुणाच्या दाराला लावायचा? अशा वेळी मी तिथल्याच एका फूलवाल्याचा नंबर देते.