जबड्यावरचे 60 ग्रे : माझा अनुभव
जिभेच्या कडेची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मला शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला सांगितले गेले, तेव्हा मात्रेचा 60 ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांचे माप) हा आकडा ऐकून माझ्या काळजात धस्स झाले. एकाच वेळी सर्वांगावर 4 ते 5 ग्रे किरणे पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात, हे माझ्या वाचनात आलेले होते.

मग 60 ग्रे मी कसे सोसणार, ही माझी शंका डॉक्टरांनी उडवून लावली नाही. सर्वांगावर मारा झाला की हाडांतील मगज निकामी होतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. मात्रा 10 ग्रेच्या घरात गेली तर आतड्याचे अस्तरही झडते. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूमुळे काही जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. मला मात्र किरणे जबडा व मानेपुरतीच मिळणार होती, तीही रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितके साधत नाही.

चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा मास्क टेबलाला अडकवून तंत्रज्ञ बाहेर जात. शेक घेताना काहीच दुखत नसे. त्यांच्या छातीवरचा बॅज त्यांना लागलेली किरणे मोजतो. त्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांमुळे शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाचे माप) आहे, तर छातीच्या एका एक्स-रेत साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी किरणे लागतात.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी परीक्षा सुरू झाली. तोंड आतून सोलवटले, लाळ घट्ट चिकट झाली, मानेची कातडी काळवंडली आणि दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा गिळवेना. वजन फार उतरले तर शेक मध्येच थांबवावा लागतो आणि खंड पडला की गुण कमी येतो, म्हणून बायको वरणाचे पाणी चमच्या-चमच्याने पाजत राही. आई मात्र माझ्या लहान मुलाला जवळ फिरकू देत नव्हती. बाहेरून दिलेली किरणे शरीरात साठून राहत नाहीत, हे डॉक्टरांनी तिला स्वतः समजावले, तेव्हा कुठे पोरगा माझ्या मांडीवर बसला.

किडलेल्या दाढा उपचाराआधीच काढल्या होत्या, हे फार बरे झाले. किरणे लागलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो आणि पुढे दात उपटल्यास हाड सडण्याचा धोका राहतो. म्हणून अंबाजोगाईत दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी मी जबड्याची कोणती बाजू शेकली आहे, हे आधी सांगतो.