प्रार्थना सप्ताहातील सकाळच्या सभा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षभर सभा पुष्कळ होत असत, पण ‘वार्षिक सभा’ म्हटले की एकच आठवडा सर्वांच्या मनात येई आणि तो म्हणजे जानेवारीचा पहिला. एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपून, एकमेकांना नव्या वर्षाचा सलाम करून लोक घरी जात आणि लगेच प्रार्थना सप्ताह सुरू होई. उपासनामंदिरातली नाताळची सजावट अजून उतरलेली नसे आणि गायनसंघातल्या निम्म्या जणांचे घसे बसलेले असत. रोज दोन सभा होत, एक सकाळी सहाला आणि दुसरी संध्याकाळी. संध्याकाळच्या सभेला बाहेरगावचे वक्ते, वाद्ये आणि उभे राहायला जागा नाही अशी गर्दी असे. सकाळच्या सभेला यांपैकी काहीही नसे. इतक्या वर्षांनंतर संध्याकाळचा एकही उपदेश मला धड सांगता येणार नाही. सकाळच्या सभांनी मात्र देवासमोर रोज बसण्याची जी सवय लावली ती आजही टिकून आहे, आणि म्हणून या आठवणी प्रामुख्याने सकाळच्या आहेत.

या सप्ताहाचा उगम मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, पहिल्याच दिवशी, दरवर्षी त्याच उत्साहाने सांगत. लुधियाना येथील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी १८५८ साली जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केले की, वर्षाच्या आरंभीचा एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेसाठी राखून ठेवावा. त्याप्रमाणे जानेवारी १८६० मध्ये निरनिराळ्या देशांत असा पहिला सप्ताह पाळला गेला. आम्हां मुलांना त्या इतिहासात फारसे गम्य नव्हते. पण आपण ज्या वेळी डोळे मिटून बसलो आहोत त्याच आठवड्यात कुठल्या कुठल्या भाषांतले लोक तेच करीत आहेत, ही कल्पना थंडीत कुडकुडत बसणे थोडे सुसह्य करी.

सकाळच्या सभेत उपदेश नसे. बायबलातील एक स्तोत्र वाचले जाई, मग दहा मिनिटे प्रत्येकाने आपापले बायबल उघडून तोच भाग स्वतःशी पुन्हा वाचायचा, आणि त्यानंतर ज्याला इच्छा होईल त्याने उभे राहून थोडक्यात प्रार्थना करायची. ही ‘थोडक्यात’ची अट पाळकसाहेबांनी फार विचारपूर्वक घातली होती. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वडीलजनांपैकी एक गृहस्थ प्रार्थनेला उभे राहिले की सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करून प्रत्येक राष्ट्राच्या राज्यकर्त्यांपर्यंत जात, आणि तोवर मागच्या बाकांवर दोन-चार जण खरोखरच झोपी गेलेले असत. अखेर असा नियम झाला की एका प्रार्थनेत एकच विषय घ्यावा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने व्यर्थ बडबडीविषयी दिलेल्या इशाऱ्याचा दाखला त्यासाठी देण्यात आला, तेव्हा त्या गृहस्थांनी तो हसून मान्य केला हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे त्यांच्या दोन-तीन वाक्यांच्या प्रार्थना मी ऐकल्या आहेत, आणि त्या फार सुंदर असत.

मला सर्वांत अधिक आठवते ती जॉर्ज म्युलर यांच्याविषयीची सकाळ. ब्रिस्टॉल शहरात १८३६ पासून अनाथ मुलांना आसरा देणारे आणि कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर आपल्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ करणारे म्हणून त्यांचे नाव आम्ही अनेकदा ऐकले होते. संध्याकाळचे वक्ते त्यांची गोष्ट अशा रीतीने सांगत की, मागितले की मिळते एवढाच अर्थ ऐकणाऱ्याच्या हाती लागे. पाळकसाहेबांनी त्या सकाळी वेगळीच बाजू मांडली. म्युलर आलेल्या देणग्यांचा चोख हिशेब ठेवीत आणि दरवर्षी त्याचा अहवाल छापीत, हे त्यांनी आधी सांगितले. मग ते म्हणाले, की हा प्रार्थनावीर आपल्या एकांताविषयी जे लिहून गेला आहे ते तुमच्या-माझ्या कामाचे आहे. सकाळी उठल्यावर सरळ प्रार्थनेला बसण्याची म्युलर यांची बरीच वर्षे रीत होती, आणि त्यांचे मन पहिली दहा-पंधरा मिनिटे, कधी कधी अर्धा तासही, इकडे तिकडे भटकत राही. १८४१ च्या सुमारास त्यांनी क्रम बदलला. आधी शास्त्राचा थोडा भाग वाचायचा, त्यातल्या एकेका वचनावर थांबायचे, आणि त्या वचनातूनच उपकारस्तुती, पापांगीकार, इतरांसाठी मध्यस्थी असे जे निघेल ते देवापुढे ठेवायचे. आपला आत्मा प्रभूच्या ठायी आनंदित असावा, हे दिवसाचे पहिले काम असे ते मानू लागले. देवाची सेवा किती करता येईल हा प्रश्न त्यानंतरचा.

हे ऐकून सभेत एक हलका सुस्कारा उमटल्यासारखे मला वाटले. एवढ्या मोठ्या विश्वासू माणसाचेही मन अर्धा अर्धा तास भटकत होते, याचा आमच्यापैकी कित्येकांना मोठाच धीर आला असावा. त्या दिवशीचे स्तोत्र तेविसावे होते. आम्ही ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढ्यावरच थांबायचे आणि पुढे जायचे नाही, असे पाळकसाहेबांनी सांगितले. तोवर मी ते स्तोत्र मुखपाठ स्पर्धेत घडाघडा म्हणून बक्षीस घेतलेला मुलगा होतो. ‘माझा’ या शब्दावर थांबायला मला कोणीच सांगितले नव्हते.

सप्ताहाच्या मध्यावर वाचनाचे तक्ते वाटले जात. बायबलात एकूण १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच असे वाचले तर वर्षभरात ते पुरे होतात, आणि तक्त्यावर प्रत्येक अध्यायासाठी एक चौकोन छापलेला असे. उत्साही मंडळी जानेवारीत उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके झपाट्याने संपवीत. फेब्रुवारी उजाडला की लेवीय हे पुस्तक येई, होमार्पण आणि महारोगाचे नियम येत, आणि तेथपासून तक्त्यावरचे चौकोन कोरे राहू लागत. हे दरवर्षीचे होते. राहिलेले अध्याय एका रात्रीत वाचून चौकोन भरून काढणारेही होते, आणि या वाचनातून त्यांना काय मिळत असेल याविषयी मला आजही शंका आहे. संडे स्कूलच्या आमच्या शिक्षिकाबाईंचा नियम याच्या उलट होता. चुकलेला दिवस चुकला. आजच्या तारखेचा चौकोन उघडा आणि तेथून वाचा. त्यांच्या स्वतःच्या तक्त्यावर कोरे चौकोन होते, आणि तो तक्ता त्या आपल्या बायबलच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, कोणालाही दिसेल असा चिकटवीत.

पुढे मला कळले की या धोक्याची जाणीव फार जुनी आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मक्शेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा क्रम तयार केला. त्यात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. तो क्रम देतानाच त्यांनी त्यातले धोकेही लिहून ठेवले होते: वाचन हा निव्वळ उपचार बनेल, ते पूर्ण केल्याचा अहंकार चढेल, घाईने वाचले जाईल, काहींना ते ओझे वाटेल. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते वारले. त्यांचा क्रम आजही वापरात आहे. धोक्यांची यादी मात्र तक्त्यासोबत क्वचितच छापलेली दिसते.

संध्याकाळच्या सभांपैकी एकीला मी न्याय दिलाच पाहिजे, कारण ती मुलांची होती. त्या वर्षी निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याचा, म्हणजे अरण्यात देवाने इस्राएली लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाचा, प्रसंग आम्ही सादर केला. प्रत्येकाने त्या दिवसापुरतेच गोळा करायचे, सकाळपर्यंत काही उरवायचे नाही, आणि सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचे, ही देवाची आज्ञा मोशे खणखणीत आवाजात सांगून गेला. मग साठवून ठेवणाऱ्या इस्राएली माणसाचे काम करणारा आमचा एक सोबती मडके घेऊन पुढे आला. त्याने झाकण काढले, आत डोकावला, नासलेल्या मान्न्याच्या वासाने नाक दाबले आणि मडके सरळ पुढच्या रांगेत बसलेल्या पाळकसाहेबांच्या हातात दिले. हे तालमीत ठरलेले नव्हते. पाळकसाहेबांनी आत बघून तितक्याच गंभीरपणे नाक दाबले आणि मडके शेजारी बसलेल्या डीकनांकडे, म्हणजे मंडळीच्या सेवकांकडे, सरकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या मागणीवर आम्ही थांबलो, तेव्हा त्या मडक्याची आठवण होऊन अनेकांना हसू आवरेना. कालच्या अनुभवावर आज विश्वासाने जगता येत नाही, हे इतक्या सोप्या रीतीने मला पुन्हा कोणी समजावले नाही.

एक सकाळ रोजच्या कामाविषयी असे. नव्या करारातील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हा बोध तेव्हा वाचला जाई आणि पंडिता रमाबाईंचा उल्लेख हमखास होई. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ते १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरे केले, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विधवा आणि अनाथ मुलींच्या आश्रमाचा एवढा व्याप सांभाळून शब्दाला शब्द लावत बसण्याचे ते काम, दिवसामागून दिवस. माझ्या मते रमाबाईंच्या भक्तीची खरी ओळख त्यांच्या धर्मांतराच्या गाजलेल्या कथेपेक्षा या कामातून अधिक होते.

शनिवारची सकाळ साक्षींची, म्हणजे देवाने वर्षभरात आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सांगण्याची. येथे मला थोडे परखड लिहावे लागेल. आजार बरा झाला, नोकरी मिळाली, परीक्षेत यश आले, अशा साक्षींना सभेत ‘आमेन’ मोठ्याने पडे, आणि त्यांत गैर काही नव्हते. पण मंडळीत एक मध्यमवयीन गृहस्थ होते, ज्यांची पत्नी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली होती आणि ज्यांच्या घरात सांगण्यासारखे चांगले काही घडल्याचे मला आठवत नाही. ते दरवर्षी उभे राहत आणि एवढेच म्हणत, की याही वर्षी आम्ही दोघांनी रोज रात्री एकत्र प्रार्थना केली आणि प्रभूने आम्हांला सोडले नाही. मग बसत. आम्हां तरुणांना ती साक्ष कंटाळवाणी वाटे.

नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण बहुधा अर्धाच लक्षात ठेवतो. विश्वासाने राज्ये जिंकणाऱ्यांची, सिंहांची तोंडे बंद करणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ असतात. पण त्याच ओघात लेखक अशा लोकांकडे वळतो ज्यांनी टवाळी, फटके आणि बंदिवास सोसला, जे करवतीने चिरले गेले, आणि शेवटी तो सांगतो की या सर्वांच्या विश्वासाबद्दल साक्ष मिळाली, तरी जे वचन दिले होते त्याचे फळ त्यांना मिळाले नाही. ते गृहस्थ अध्यायाच्या या दुसऱ्या भागातले होते. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे म्हटले आहे. ते वचन मी अनेक व्यासपीठांवरून ऐकले, पण ते प्रत्यक्ष पाळले जाताना पाहिले ते त्या मागच्या बाकावर.

आता सप्ताह आखडून तीन दिवसांचाच झाला आहे. दूर राहणारी माणसे मोबाइलवरून सहभागी होतात. बायबलही बहुतेकांच्या मोबाइलमध्येच असते, त्यामुळे दहा मिनिटांच्या वाचनात मध्येच कोणाचा तरी संदेश वाजतो. सकाळच्या सभेची जबाबदारी आता तरुण संघाकडे आहे आणि त्यांनी वेळ सहाऐवजी सात ठरवली, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. येशू मोठ्या पहाटे उठून अरण्यात प्रार्थनेला गेला, हा मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा दाखला वडीलजनांनी दिला. त्यावर तरुण संघाच्या चिटणीस मुलीने पंचावन्नावे स्तोत्र काढून दाखवले, ज्यात स्तोत्रकर्ता संध्याकाळी, सकाळी आणि दुपारीही प्रार्थना करतो, आणि दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकीत असे याचीही आठवण करून दिली. मुलीची तयारी चांगली होती. मी सातच्या बाजूने मत दिले, फक्त सभेच्या वेळी सर्वांनी छापील बायबल आणावे एवढी एक सूचना जोडली, आणि ती एका मताच्या फरकाने मंजूर झाली.