ओल्ड ट्रॅफर्डवर आलेलं विमान

इंग्लंडमध्ये मी बारा दिवस होतो. लंडन पाहिलं, लेक डिस्ट्रिक्टला दोन रात्री काढल्या, आतेभावाच्या घरी वहिनीच्या हातची थालीपिठं खाल्ली. सगळं छान झालं. पण इतक्या वर्षांनी लिहावंसं वाटतं ते 29 मार्च 2014 च्या शनिवारबद्दल, आणि त्या शनिवारातही फार तर पाच मिनिटांबद्दल.

त्या दिवशी मी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड या फुटबॉलच्या मैदानात गेलो तो संघाचा मॅनेजर डेव्हिड मोयेसवर राग धरून. हा राग आठ महिने साठत आला होता. आदल्या वर्षी आम्ही लीग जिंकली होती, तीही 11 गुणांच्या फरकानं. (आम्ही म्हणजे मँचेस्टर युनायटेड. 1999 च्या बार्सिलोनातल्या युरोपियन फायनलमध्ये शेवटच्या तीन मिनिटांत दोन गोल करून आम्ही जिंकलो, तेव्हापासून मी कोल्हापुरात बसून ‘आम्ही’च म्हणतो.) मग साडेसव्वीस वर्षं मॅनेजर असलेले सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले, आणि त्यांनी स्वतः निवडलेला माणूस आला, मोयेस. एव्हर्टनला अकरा वर्षं सांभाळलेला, कष्टाळू, सरळ. करार सहा वर्षांचा. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यानंतर फर्ग्युसन माइक हातात घेऊन म्हणाले होते, आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं, हेच तुमचं काम. मी टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात हो म्हटलं होतं.

ते ‘हो’ सप्टेंबरपर्यंत जेमतेम टिकलं. वेस्ट ब्रॉम आमच्या मैदानात येऊन जिंकून गेलं. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात आधी एव्हर्टन, मग न्यूकॅसल. एक जानेवारीला टॉटनहॅम. फेब्रुवारीत तळाला असलेल्या फुलहॅमबरोबर 2-2, आणि त्या सामन्यात आम्ही बाजूनं गोलसमोर टाकलेले क्रॉस किती? 81. उजवीकडून टाक, परत आला की डावीकडून टाक. मी शिवाजी पेठेत वाढलेला माणूस. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींचे फुटबॉल सामने बघत मोठा झालो. तिथं एखादा संघ दहाव्यांदा तीच चाल खेळला तर अख्खी गॅलरी उठून उभी राहते आणि काय करायचं ते सांगते. इथं 81 वेळा तेच, आणि टचलाइनवर उभा असलेला माणूस हाताची घडी घालून बघतोय.

मी लंडनला उतरलो त्याच आठवड्यात मँचेस्टरचाच दुसरा संघ, सिटी, ओल्ड ट्रॅफर्डवर आले आणि 3-0 नं जिंकून गेले. नऊच दिवसांपूर्वी लिव्हरपूलनंही तिथंच 3-0 केलं होतं. सिटीचा पहिला गोल एक मिनिट व्हायच्या आत. मी एका पबमध्ये अनोळखी माणसांच्या खांद्यांवरून बघत होतो. ग्लास अजून तोंडालाही लावला नव्हता. सामन्यानंतर मोयेस म्हणाले की सिटी ज्या दर्जाचं खेळले, तिथवर पोहोचायचा आमचा प्रयत्न आहे. हरण्यापेक्षा ते मला जास्त लागलं. हरणं पचतं. पण घरच्या कर्त्या माणसानं चारचौघांत सांगावं, की शेजाऱ्यांचं घर बघा, आम्हालाही तसं व्हायचंय? त्या रात्री मी दादाला फोन करून म्हटलं, शनिवारी मी गप्प बसणार नाही.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो सेलला राहतो, मँचेस्टरच्या दक्षिणेला. ओल्ड ट्रॅफर्डची सीझन तिकिटं त्याच्या एका सहकाऱ्याची आणि त्याच्या बायकोची. ती दोघं त्या शनिवारी बाहेरगावी जाणार होती. त्यानं पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी कोल्हापुरी चपलांचे दोन जोड घेऊन गेलो होतो, मापं आधी मागवून. अनोळखी माणसानं असं काही देऊन टाकावं, याचं मोल मला अजून करता येत नाही.

सेलवरून ट्रामनं तिसऱ्याच स्टॉपला ओल्ड ट्रॅफर्ड येतं आणि उतरल्या उतरल्या समोर त्याच नावाचं क्रिकेटचं मैदान. निघताना आबांनी बजावलं होतं, फुटबॉल बघ, पण ते मैदान नीट बघून ये. संदीप पाटीलनं 1982 मध्ये बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले ते इथंच. सचिनचं पहिलं कसोटी शतक 1990 मध्ये इथलंच, सतरा वर्षांच्या पोराचं. मी कुंपणाशी दोन मिनिटं थांबलो, आबांसाठी एक फोटो काढला आणि गर्दीबरोबर पुढं सरकलो. दोन मिनिटं कमीच होती.

सर मॅट बझबी वेवर कांदा परतल्याचा वास, घोड्यावरचे पोलीस आणि दोन्ही संघांची नावं अर्धी-अर्धी विणलेले मफलर विकणारे. असा मफलर मला पटत नाही. त्या दिवशीही पटला नाही. बेस्ट, लॉ आणि चार्लटन या जुन्या खेळाडूंचा पुतळा आणि समोर त्यांचे मॅनेजर बझबींचा. कोपऱ्यावर म्युनिकचं घड्याळ, त्यावर 6 फेब्रुवारी 1958 ही तारीख. त्या दिवशी म्युनिकला संघाच्या विमानाला अपघात झाला, त्यात 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. घड्याळाखाली लोक बोलायचं थांबत नाहीत, पण आवाज जरा खाली येतो. हे माझ्या लक्षात आलं आणि तेवढ्यापुरता मीही मोयेसला विसरलो.

आमच्या जागा उत्तरेच्या स्टँडमध्ये बऱ्याच वर होत्या. शेजारी एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे. सीटवर घरून आणलेली उशी, पायाशी थर्मास. आम्ही सहकाऱ्याचं नाव सांगितल्यावर त्यांनी सरकून जागा दिली, कुठून आलात विचारलं, आणि मग मोयेसवर सुरू झाले. मिडफिल्डमध्ये कुणी पळत नाही. फेलायनीला इतके पैसे देऊन आणला कशासाठी? युआन माटासारखा खेळाडू जानेवारीत 37 दशलक्ष पौंडांना घेतला आणि त्याला कडेला उभा केला. गेल्या वर्षी हीच पोरं चॅम्पियन होती, मग यांचे पाय कुणी बांधले? मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं झालं. कोल्हापुरात मी जे जे बोलत होतो ते सगळं ते बोलत होते, फक्त माझ्यापेक्षा नेमकं. मी 81 क्रॉसचा विषय काढला. ते म्हणाले, “मी इथंच बसलो होतो. या सीटवर.”

मोयेसविरुद्धचा फलक ओढत विमान येणार हे सगळ्यांना माहीत होतं. काही चाहत्यांनी पैसे गोळा करून ते भाड्यानं घेतलं होतं आणि आठवडाभर त्याचीच चर्चा होती. स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला मोयेस यांचा चेहरा आणि ‘द चोझन वन’, म्हणजे निवडून आणलेला, असं लिहिलेला मोठा फलक पूर्ण सीझनभर लावलेला होता. सिटीच्या सामन्यात तो कुणी उतरवू नये म्हणून तिथं पहारा ठेवावा लागला होता. विमानाचा फलक म्हणजे त्यालाच उत्तर.

पाऊण वाजता अ‍ॅस्टन व्हिलाबरोबरचा सामना सुरू व्हायचा होता. त्या सुमारास वरून घरघर ऐकू आली. मान वर केली तर छोटं विमान आणि मागं लांबच लांब अक्षरं: ‘राँग वन – मोयेस आउट’. माणूस चुकला, मोयेसना काढा. माझ्या अंगावर काटा आला. आठ महिने मी जे रात्री-अपरात्री बोलत होतो ते कुणीतरी आभाळात लिहिलं होतं. मी उठलो, फोन वर धरला.

आणि ‘बूऽऽ’ असा आवाज उठला. आधी खालच्या बाजूनं, मग सगळीकडून. मला वाटलं, झालं, मैदान फुटलं मोयेसवर. मी तोंड उघडलंही. पण लोकांच्या माना वर होत्या. हात वर होते, आणि ते हात विमानाला ‘जा, जा’ म्हणत होते. हजारो माणसं त्या विमानाला हाकलत होती. माझ्या शेजारचे आजोबा उभे राहिले होते, मान लाल झाली होती, आणि ज्या तोंडानं त्यांनी पाच मिनिटांपूर्वी मोयेसची सालटी काढली होती त्याच तोंडानं ते विमानावर ओरडत होते. मग त्यांचं लक्ष माझ्या फोनकडे गेलं. त्यांनी काही न बोलता हात पुढं केला आणि तळवा कॅमेऱ्यासमोर धरला. मारल्यासारखा नाही, ढकलल्यासारखाही नाही. लहान मुलाच्या डोळ्यांवर आपण हात धरतो तसा.

खाली मोयेस होते. टाळ्या सुरू झाल्या. अख्खा स्टँड उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि तो माणूस खाली, इतका लांबून इवलासा दिसणारा, वर न बघता उभा होता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवता आल्या नाहीत. फोन खिशात घातला आणि बसलो. दादा माझ्याकडे बघत होता, पण काही बोलला नाही.

तेराव्या मिनिटाला अ‍ॅस्टन व्हिलानं फ्री किकवर गोल केला. हा क्षण होता. आमच्या गॅलरीत असतं तर दगड फिरला असता. इथं क्षणभर सन्नाटा आणि मग गाणी, आधीपेक्षा मोठ्यानं. मग रूनीनं कागावाच्या क्रॉसवर हेडर मारला. मध्यांतराच्या तोंडावर माटाला पाडलं म्हणून पेनल्टी मिळाली, तीही रूनीनं घातली. 2-1.

मध्यांतरात आजोबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढं धरला. बिनसाखरेचा, कडक. मी विचारलं, तुम्हालाही ते नको आहेत ना? मग विमानावर का ओरडलात? ते म्हणाले, “1989 मध्ये मी इथंच होतो. डिसेंबर, क्रिस्टल पॅलेसबरोबर. एकानं चादरीवर लिहून आणलं होतं, तीन वर्षं नुसत्या सबबी, आता फर्गी, टाटा. त्यानं ती वर धरली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझ्या भोवतीच्या सगळ्यांनी वाजवल्या.” त्यानंतर पाच महिन्यांनी फर्ग्युसननी एफए कप जिंकला, फायनलमध्ये त्याच क्रिस्टल पॅलेसला हरवून. पुढं 13 लीग विजेतेपदं. हे मला पाठ होतं. पण टाळ्या वाजवलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

मी म्हटलं, पण मोयेस फर्ग्युसन नाहीत. “नाहीतच,” ते लगेच म्हणाले. “हा माणूस जाईल. जायलाही हवा. पण पोरा, त्या चादरीवाल्यानं तिकीट काढलं होतं. थंडीत आमच्यात उभा राहिला, आणि त्याचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. त्या विमानात कोण होतं, सांग?”

मला उत्तर आलं नाही. मी स्वतः त्या विमानातलाच होतो. साडेसात हजार किलोमीटरवरून, रात्री एक वाजता, एका माणसाला काढून टाका म्हणून लिहीत होतो. माझं प्रेम खोटं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीही मी सामने पाहिलेत, हरल्यावर दोन-दोन दिवस घरी कुणाशी नीट बोललो नाही, हे घरचे सांगतील. पण फुलहॅमच्या सामन्यात 81 क्रॉस बघून मी टीव्ही बंद करू शकत होतो. आजोबा त्या सीटवरून उठून ट्रामनं घरी गेले असतील आणि पुढच्या सामन्याला परत उशी घेऊन आले असतील. तरी एक सांगतो: मोयेस यांच्या फुटबॉलबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं नाही, आजही बदललेलं नाही. तो खेळ भित्रा होता. चॅम्पियन संघाला त्यांनी मान खाली घालायला शिकवलं. हे मी आजोबांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान हलवून होकार दिला.

उत्तरार्धात माटानं युनायटेडसाठी पहिला गोल केला आणि शेवटी चिचारितोनं चौथा. 4-1. लोक हसत बाहेर पडले. आजोबांनी उशी काखेत घेतली, दादाशी हात मिळवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पायऱ्या मोजत मोजत उतरले. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे इंग्लंडची घड्याळं एक तास पुढं गेली आणि आमची विंडरमिअरची गाडी थोडक्यात मिळाली. लेक डिस्ट्रिक्टबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

22 एप्रिलला मी ऑफिसात होतो. दोनच दिवसांपूर्वी आम्ही एव्हर्टनकडून, मोयेस यांच्याच जुन्या घरात, 2-0 हरलो होतो. दुपारी मित्रांचे मेसेज येऊ लागले, एकापाठोपाठ एक. मोयेसना काढलं. सप्टेंबरपासून मी याच बातमीची वाट बघत होतो. त्यानंतर वॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग असे कितीजण आले आणि गेले. प्रत्येक वेळी असेच मेसेज आले.

त्या दिवशी मी कुणालाच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी दादाला फोन लावला.

“स्ट्रेटफर्ड एंडचा तो फलक?” मी विचारलं.

“आजच उतरवला,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी त्या शनिवारचे फोटो उघडले. क्रिकेटच्या मैदानाचा आबांसाठी काढलेला एक, पुतळ्यांचे सहा, म्युनिकच्या घड्याळाचे दोन. विमानाचा एकच: कोपऱ्यात थोडं आभाळ, आणि बाकी सगळा सुरकुतलेला तळवा.