हिरोशिमा आणि नागासाकी : निर्णय एक की दोन?

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय 'जपानवरील अणुबॉम्बचा वापर समर्थनीय होता' असा होता आणि तीन परीक्षकांपैकी इतिहासाचा प्राध्यापक मी एकटाच होतो. अनुकूल बाजूचे वक्ते अमेरिकेचे माजी युद्धमंत्री स्टिमसन यांनी १९४७ साली मांडलेला, जपानवर स्वारी करावी लागली असती तर होणाऱ्या दहा लाख अमेरिकी हताहतांचा अंदाज ठरावीक आवेशात सांगत होते. तो आकडा युद्ध संपल्यावर, टीकेला उत्तर म्हणून पुढे आला, हे कोणीही सांगत नव्हते.

मग एक विद्यार्थिनी अनुकूल बाजूनेच उभी राहिली आणि तिने अमेरिकी लष्कराच्या २५ जुलै १९४५ च्या लेखी आदेशाचे कलम वाचून दाखवले. हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी यांपैकी एका लक्ष्यावर ३ ऑगस्टनंतर हवामान अनुकूल होताच पहिला बॉम्ब टाकावा आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत, असा तो आदेश होता. हिरोशिमाचे समर्थन मी करीन, नागासाकीचे करणार नाही, कारण ६ ऑगस्टला काय घडले हे टोकियोला पुरते कळण्याआधीच ९ ऑगस्ट उजाडला, असे तिने ठामपणे सांगितले.

तिने बाजू सोडली, म्हणून तिला बाद करावे, असे माझ्या सहपरीक्षकांचे म्हणणे पडले. मी कडाडून विरोध केला. आमच्या गुणपत्रिकेत उच्चार, ओघ, हावभाव या प्रत्येकाला रकाना आहे, पुराव्याला नाही, आणि अशा गुणपत्रिकेवर इतक्या गंभीर विषयाचा निकाल लावणे मला अन्यायाचे वाटते. अखेर तिला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले.

निकालापेक्षा तिचा युक्तिवादच माझ्या मनात घोळत राहिला आहे. दुसऱ्या बॉम्बची परवानगी त्या एकाच आदेशात होती, मग त्यावर वेगळा निर्णय झालाच कुठे? पहिल्याचे समर्थन करणाऱ्याला त्या खुल्या परवानगीचाही जाब द्यावा लागतो. ९ ऑगस्टला सोव्हिएत सैन्य जपानच्या ताब्यातील मांचुरियात शिरले होते आणि नागासाकीची बातमी आल्यावरही जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात शरणागतीच्या अटींवरून तीन विरुद्ध तीन अशी फूट कायम राहिली, त्यामुळे दुसऱ्या बॉम्बने नेमके काय साधले हेही वेगळे काढता येत नाही. तरीही तिचे म्हणणे मला खोडता येत नाही, कारण १० ऑगस्टला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या स्पष्ट आज्ञेवाचून पुढचा बॉम्ब टाकू नये, असे बजावले होते. जे १० तारखेला शक्य झाले, ते ८ तारखेला का झाले नाही?